सोफिल्लाची उत्तरं

२५ जुलै

अथेन्सचं कॉलेज सोडलं तेव्हा या वहीची अकरा पानं भरली होती, तीही पाण्याच्या दाबाच्या गणितांनी. बाकीची कोरी आहेत. आज मला असा राग आलाय की तो कुठंतरी सांडायलाच हवा, नाहीतर आईची भिंतीवरची ताटं फुटतील.

आमच्या गावच्या म्युझियममध्ये माझ्या आजोबांनी बनवलेली लिरा आहे, गजानं वाजवायची. मी अजून आत पाऊल टाकलं नव्हतं. आपल्याच गावचं म्युझियम बघायला कोण जातं? पण आज याकुमी मामा गजाला राळ घासता घासता म्हणाला, "मिनास, तुझ्या आजोबांच्या लिरेखालची चिठ्ठी वाचलीस? 'बनवणारा अज्ञात.'"

अज्ञात! ज्या माणसानं या बेटावरची निम्मी लग्नं नाचवली, तो अज्ञात!

मी तसाच चढण चढून गेलो. दाराशी टेबल, टेबलामागे एक मुलगी.

"तिकीट?"

"मी इथला आहे."

"इथल्यांना फुकट."

"फुकट नको. मी बघायला नाही, भांडायला आलोय."

"भांडणाऱ्यांनाही फुकट," ती म्हणाली. "फक्त बूट बाहेर काढ. आजीनं आत्ताच फरशी पुसलीय."

मी बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं. अंगठा बाहेर काढून माणूस किती भांडू शकतो? तरी भांडलो. ती ऐकून घेत होती आणि तिच्या कपाळावर एक बट येत होती, ती फुंकर मारून उडवायची, बट पुन्हा यायची. तिसऱ्या फुंकरीला मी माझ्या आजोबांचं नाव विसरलो.

"तक्रार असेल तर अभिप्रायाच्या वहीत लिही," ती म्हणाली. "पंचायतीचे लोक महिन्यातून एकदा वाचतात."

आमच्या घराण्यात तक्रार गद्यात करत नाहीत. मी मांतिनादाच लिहिली, दोन ओळींची, यमक जुळवून, उभ्या उभ्या:

काचेआड कोंडलीत माझ्या आजोबांची लिरा,
नाव पुसून टाकणाऱ्यांनो, थोडी लाज धरा!

तिचं नाव सोफिल्ला. थोरली मुलगी आहे म्हणजे आईच्या आईचं नाव, आमच्याकडे त्याला दुसरा पर्याय नाही. अथेन्सच्या बंदरावर, पिरेअसला वाढली, दर उन्हाळ्यात आजोळी येते. दर उन्हाळ्यात! मी एवढी वर्षं कुठं बघत होतो?

२६ जुलै

झोप नाही.

२७ जुलै

उत्तर आलंय!

सहज म्हणून गेलो. ती चिठ्ठी बदलली का, हे बघायला. चिठ्ठी बदलली होती, आजोबांचं पूर्ण नाव, गाव, सगळं, टपोऱ्या गोल अक्षरात. आणि वहीत माझ्या ओळींखाली त्याच टपोऱ्या गोल अक्षरात:

लिरा ठेवली जपून, वाळवीपासून राखली,
तुझ्या घरी होती तेव्हा कोंबडी तिच्यावर झोपली.

मी सटपटलो. हे खरं आहे. लिरा पडवीत होती आणि आमची काळी कोंबडी तिच्यावर बसायची. पण ही माझ्या जन्माआधीची गोष्ट! म्हणजे ही मुलगी दोन दिवसांत गावभर हिंडून माझ्या घराण्याची चौकशी करून आली. एवढी चौकशी मुलगी कधी करते? मी काही दूधखुळा नाही.

आतल्या खोलीत तिची आजी मागावर बसलेली असते, अंगावर जुना भरजरी पोशाख, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. प्रवासी तिचे फोटो काढतात. मी नुसतं "नमस्कार आजी" म्हटलं. म्हाताऱ्या माणसांशी फार बोलत बसलो तर सोफिल्लाकडे बघायचं राहतं.

मांतिनादाला उत्तर आलं की आपणही उत्तर द्यायचं, नाहीतर सात पिढ्यांचं नाक जातं. मी लिहिलं:

कोंबडीचं सोड पोरी, मन माझं बघ जरा,
तुझ्या एका नजरेनं पेटला हा डोंगर सारा.

२८ जुलै

असे डोंगर पेटलेले पन्नास मी पाहिले,
सकाळी पाहू जाता राखेचे ढीग राहिले.

पन्नास! वीस वर्षांच्या मुलीच्या मागे पन्नास!

२९ जुलै

पिरेअस मोठं शहर आहे, मला मान्य. पण पन्नास म्हणजे काय गंमत आहे?

दुपारी पाववाल्या स्तेर्गोसला गाठलं. तो रोज सकाळी म्युझियमच्या दारात पाव ठेवतो आणि शीळ घालतो. मी विचारलं, "तू पन्नासांतला कितवा?" तो म्हणाला, "कसल्या पन्नासांतला?" मी म्हटलं, "वेड पांघरू नकोस." त्यानं माझ्या हातात गरम पाव ठेवला आणि म्हणाला, "मिनास, जेवला नाहीस वाटतं." पाव खाल्ला. पण त्याला मी माफ केलेलं नाही.

आईला कळलं. "बाहेर कॉलेजशी भांडलास, आता पावाशी भांड. उद्या समुद्राशी भांडशील," म्हणाली आणि कांदा परतून घातलेल्या मकारुन्यांचं ताट आपटलं. दोनदा वाढून घेतल्या.

सोफिल्ला वीस ऑगस्टच्या बोटीनं परत जाणार. तिनंच सांगितलं, न विचारता. बावीस दिवस. बावीस दिवसांत तिच्या तोंडून 'हो' निघालं नाही, तर मी कड्यावरच्या या गावात राहून काय करू? बकऱ्या मोजू?

पन्नासांची नावं सांग, एकेकाला बघतो मी,
बंदरात बुडवतो नि उत्तर ऐकून जातो मी.

३१ जुलै

बुडवायचा त्रास नको, निम्मे कधीच गेले वर,
उरलेले खोकत बसले चर्चच्या पायरीवर.

काय बाण आहे! मी चार वेळा वाचलं. म्हणजे तिच्या लेखी ते सगळे मेल्यात जमा आहेत. उरलेसुरले म्हाताऱ्यांसारखे! आणि मी? माझ्याबद्दल चकार शब्द नाही. न बोलणं हेच सगळ्यात मोठं बोलणं असतं.

येताना चर्चवरून आलो. पायरीवर सात म्हातारे खोकत बसले होते. मी त्यांना मोठ्या आदरानं नमस्कार केला. बिचाऱ्यांना काय ठाऊक, त्यांची उपमा कुठं वापरली गेली ते.

२ ऑगस्ट

रोज जातो. आता तिथली एकेक वस्तू माझ्या नजरेखालून गेली आहे. आज दोन फ्रेंच प्रवासी नवरा-नवरीच्या लाकडी माच्यावर चढून बसले, तर मी असा ओरडलो की ते टोप्याही न उचलता बाहेर पळाले. मग वाईट वाटलं, म्हणून त्यांना मागे बोलावून सगळं समजावून सांगितलं: माचा कुठला, भिंतीवरची ताटं कुणाच्या गलबतातून आली, ब्रेडवर उठवायचे लाकडी छाप कशासाठी. अर्धा तास बोललो. हातवारे करून. ते गेल्यावर सोफिल्ला दाराला टेकून बघत होती.

"तुला हे सगळं कधीपासून माहीत?"

"जन्मापासून," मी म्हटलं. खरं तर चिठ्ठ्या वाचून. चिठ्ठ्या तिच्याच अक्षरात आहेत, दोनदोनदा वाचतो.

"मग कॉलेजात काय शिकत होतास?"

"पाणी नळातून कसं वाहतं ते."

"इथं दुपारी चारच्या पुढे वाहत नाही," ती म्हणाली. "ते नीट करायला कुणीतरी शिकायला हवं ना."

मी हसलो नाही. कॉलेजचा विषय काढलेला मला आवडत नाही. ती बोलण्यात अशी रुक्ष, आणि वहीत? वहीत ज्वालामुखी! माणसाचं खरं रूप लिहिण्यातच उतरतं.

५ ऑगस्ट

आज ती काहीतरी सांगायला आली. मी वहीत लिहीत होतो, तर शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हाताला लोकरीचा वास येत होता.

"मिनास, ऐक. ती उत्तरं आहेत ना..."

"बोलू नकोस!" मी हात वर केला.

"अरे पण ती उत्तरं मी..."

"सोफिल्ला, बोललेलं वाऱ्यावर जातं. आपल्यात जे आहे ते या कागदावर आहे. ते तोंडानं मळवू नकोस."

तिचे कान लाल झाले. "बरं," म्हणाली. "नाही मळवत." आणि आत जाऊन मोठमोठ्यानं फरशी पुसायला लागली. फरशी पुसण्याचाही एवढा आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं. भावना अनावर झाल्या असणार.

आतून माग थांबला आणि आजी म्हणाली, "सांगितलंस?" ही म्हणाली, "ऐकेल तर ना!" काय ते कळलं नाही. घरगुती असेल.

मी लिहिलं होतं ते हे:

तुझ्या दारी उभा आहे, मागत काही नाही,
एकदा म्हण 'बरं वाटलं', बाकी घाई नाही.

(घाई आहे. पंधराच दिवस उरलेत. पण मांतिनादात खरं बोललंच पाहिजे असं नाही.)

७ ऑगस्ट

उत्तर नाही.

८ ऑगस्ट

उत्तर नाही. वही तिथंच होती. एका जर्मनानं लिहिलंय, 'फार छान, पण शौचालय हवं.' त्याला काय उत्तर द्यायचं ते देवानं बघावं.

९ ऑगस्ट

वर्षं झाली फार, मला असं कुणी बोललं नाही,
धोट्यावरचा हात थांबला, सूत पुढे चाललं नाही.

मी रडलो. बूट ठेवायच्या फळीपाशी, भिंतीकडे तोंड करून. एवढ्या पन्नास जणांत तिला असं कुणीच बोललं नव्हतं! आणि बिचारी मागावरही बसते, आजीचा डोळा लागला की बसत असणार.

या वेळी अक्षर जरा वाकडं होतं. 'थांबला' दोनदा खोडून लिहिलेलं. हात कापत असणार.

आतून आजीनं हाक मारली, "पोरा, ये, कॉफी घे." मी म्हटलं, "आजी, आज नको, आज मी माणसात नाही." ती म्हणाली, "दिसतंय," आणि माग खटाखट चालू केला. म्हातारीला काय कळणार.

ठरलं. वही पुरे झाली. पंधरा ऑगस्टला, मरियाआईच्या सणाला, चौकात, सगळ्या गावादेखत गाणार. आमच्याकडे वहीतलं वहीत राहू शकतं. चौकात गायलेलं मात्र मागे घेता येत नाही.

१२ ऑगस्ट

मामाला सांगितलं की माझ्यासाठी एक चाल वाजव. कुणासाठी म्हणाला. म्हटलं, सोफिल्लासाठी. त्याचा गज हवेतच थांबला. "कुठल्या सोफिल्लासाठी?"

"गावात किती सोफिल्ला आहेत?"

"आता राहिल्यात दोन," मामा म्हणाला.

मामा कधी कधी असं काहीबाही बोलतो. मी म्हटलं, "म्युझियमवाली." तो खूप वेळ दाढी खाजवत राहिला. "म्युझियमवाली," म्हणाला. "बरं. वाजवतो. मला जन्मात हे चुकवायचं नाही."

१६ ऑगस्ट, सकाळ

सगळं क्रमानं लिहितो. नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

ऊन उतरल्यावर चौक भरला. पुरुष मधल्या टेबलाभोवती, मामाची लिरा, साथीला तारा छेडायचा लाऊतो. बायका कडेच्या बाकांवर. थोरल्या मुली आजीच्या पोशाखात, गळ्यात सोन्याच्या नाण्यांच्या माळा. सोफिल्लाही. मान हलली की नाणी वाजायची आणि मला पाणी प्यावं लागायचं. तिच्या शेजारी आजी, तसाच पोशाख.

तिघांचं गाऊन झालं. मामानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी उठलो. खुर्ची पडली. गायलो:

वहीतलं गुपित आज चौकामध्ये सांगतो,
सोफिल्ला, गावादेखत हात तुझा मागतो!

लाऊतोवरची माशी ऐकू आली.

सोफिल्लानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी म्हटलं, लाजली. आणि तिच्या शेजारून, बाकावरून, आजीचा आवाज उठला. म्हातारा आवाज, पण सुरात असा पक्का की लिरेनं आपणहून त्याच्यामागे वळण घेतलं:

हात देते, घे रे पोरा, एक सांगते आधी,
सोबत येईल संधिवात आणि रक्तदाबाची व्याधी!

चौक फुटला. टेबलं वाजली. पाववाला स्तेर्गोस जमिनीवर बसला. पायरीवरच्या सात म्हाताऱ्यांपैकी एक ओरडला, "सोफिल्ला, माझं काय गं? मी सत्तावन्न साली पहिला मागितला होता!" आजी म्हणाली, "तू अजून वर गेला नाहीस होय?"

तेव्हा कळलं. सगळं एकदम, पावसाळी नाल्यासारखं. आईच्या आईचं नाव. कोंबडी. पन्नास. धोट्यावरचा हात. अरे गाढवा मिनास! गेले तीन आठवडे तू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या प्रेमात रडत होतास!

मी कड्याकडे बघितलं. चौकातून कडा वीस पावलांवर आहे. पाऊल उचललंही. पण मागून आईनं सदरा धरला.

"कुठं?"

"मरायला."

"नंतर मर. सोफिल्ला आजीनं चौकात हात पुढे केलाय. तो रिकामा राहिला तर आपल्या घराण्याला या गावात पुन्हा कुणी उत्तर देणार नाही."

बघतो तर आजी खरंच उभी होती. हात पुढे करून. बोटं वाकडी, पण हात ताठ. आमच्याकडे चौकात मागितलेला हात मिळाला की पहिलं वर्तुळ त्याच हातानं नाचायचं, मग तो कुणाचाही असो. मी गेलो. हात धरला. माझे कान एवढे तापले होते की त्यांवर अंडं शिजलं असतं.

नाच संथ होता, जुना. गाव साखळीत येत गेलं. आजीचं पाऊल माझ्यापेक्षा हलकं पडत होतं.

"बोलले मी," आजी म्हणाली, समोर बघत. "लिहिलं तिनं. मला कुठं लिहिता येतं."

"सगळं?"

"सगळं. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, आजी, एक जण मांतिनादात भांडलाय, याला उत्तर दे, मला दोन ओळी जुळत नाहीत. मी दिलं. मजा वाटली. किती वर्षांत कुणी पोर माझ्याशी असं भांडलं नव्हतं."

"आणि ती हसली असेल."

"हसली ना. पहिल्या तिन्हीला पोट धरून. चौथं सांगितलं तर लिहीचना. म्हणाली, आजी, हे नको, त्याला खरं वाटेल. मी म्हटलं, खरंच आहे बाई, लिही. लिहिलं तिनं, तोंड फुगवून. दोनदा खोडलं."

मी आजीच्या पावलाला पाऊल जुळवलं.  मला वाईट वाटलं, नुसतं माझ्यासाठी नाही, आजीसाठीही, हे मी इथं लिहून ठेवतो.

"आणि सकाळी दार उघडलं की हिचं एकच," आजी म्हणाली. "आजी, आज केव्हा येईल गं तो? मी म्हटलं, तुझ्याकडे येतो का माझ्याकडे, ते आधी ठरवा."

वर्तुळ बाकांपाशी आलं. आजीनं मान वळवली. "सोफिल्ला, ऊठ."

"आजी, नको."

"ऊठ म्हणते ना. मला भूक लागलीय."

आणि सगळ्या गावादेखत तिनं माझा हात उचलला, तिच्या नातीच्या हातात ठेवला आणि साखळीतून बाहेर पडून सरळ मटणाच्या कढईकडे चालू लागली. मोठ्यांनी हात दिल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुमारिकेशेजारी नाचत नाही. आणि एकदा दिला की साखळी तोडायची नाही, वीज पडली तरी.

सोफिल्लाचा हात थंड होता. अर्धं वर्तुळ मी तिच्या बुटांकडे बघत नाचलो.

"तू मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"मी सांगत होते. तू म्हणालास, तोंडानं मळवू नकोस."

"मोठ्यानं सांगायचं!"

"मोठ्यानं फरशी पुसली ना."

पुन्हा अर्धं वर्तुळ बुटांकडे.

"तीन आठवडे रोज आलास," ती म्हणाली. "तीन आठवड्यांत मला एक तरी प्रश्न विचारलास? मी काय शिकते? मला काय आवडतं? मला तर मांतिनादा आवडतही नाहीत."

"काय शिकतेस?"

"नर्सिंग. दुसरं वर्ष. आता माझी पाळी. तू कॉलेज का सोडलंस?"

"सर सगळ्यांसमोर म्हणाले, हे गणित बकरीनं चघळल्यासारखं दिसतंय. मी म्हटलं, आमच्या बेटावरच्या बकऱ्यांचं नाव काढायचं नाही. आणि मोजपट्टी फेकली."

"सरांवर?"

"खिडकीवर."

"फुटली?"

"उघडी होती."

सोफिल्लाचे खांदे हलायला लागले. नाणी किणकिणायला लागली. ती हसत होती, आणि पाऊल मात्र एकही चुकवत नव्हती.

"म्हणजे तुला कुणी काढलंच नाही," ती म्हणाली.

"मी स्वाभिमानानं..."

"कुणी काढलं नाही. उघड्या खिडकीतून पट्टी गेली आणि तिच्यामागे तू. वीस तारखेला बोट आहे. अथेन्सला पोचायला पिरेअसवरून पाऊण तास. कॉलेज सप्टेंबरात उघडतं."

मला इतका राग आला! सणाच्या दिवशी, नाचात, तिच्या हातात हात असताना, कॉलेज! हात झटकून निघून गेलो असतो. पण साखळी तोडता येत नाही. मी दात खाऊन पाऊल टाकत राहिलो आणि ती दर वळणावर एकेक गोष्ट ऐकवत राहिली: मी ऐकत नाही, मी ओरडतो, फ्रेंच लोकांना मी छान समजावलं, माझ्या मोज्याला भोक असतं. नियम करणाऱ्या पूर्वजांना मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग बहुतेक तिसऱ्या वर्तुळाला द्यायच्या थांबवल्या.

मग मामाच्या लिरेची तार तुटली. टण् करून. सगळ्यांनी हात सोडले, कुणी वाइनकडे, कुणी मटणाकडे. चौकाच्या मधोमध आम्ही दोघंच उभे.

"नाच थांबलाय," मी म्हटलं.

"दिसतंय मला," सोफिल्ला म्हणाली. आणि हात सोडला नाही.